गाडीला हळद लावणाऱ्या मिस्त्रींना

मा. मिस्त्री साहेब,
मुक्काम महामार्गालगत, घाट सुरू होण्याच्या जरा अलीकडे, रसवंतीशेजारी.



आपली समोरासमोर भेट झालेली नाही. ते भाग्य आमच्या दाजींना लाभलं. मे महिन्यात ते माझी जुनी गाडी घेऊन कोल्हापूरला लग्नाला निघाले होते. वाटेत इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढला म्हणून ते आपल्या दारी थांबले. आपण बॉनेट उघडलंत, एक नजर टाकलीत, पोऱ्याला शेजारच्या हॉटेलात पिटाळलंत आणि कागदाच्या पुडीतून आलेली हळद रेडिएटरमध्ये ओतलीत. ‘आता एक थेंब गळणार नाही,’ असं वर वचनही दिलंत. लग्न दाजींच्या पुतण्याचं होतं. हळद त्याच्याआधी गाडीला लागली.

दाजी भाबडे आहेत. परत आल्यावर ‘सगळं नीट करून आणलंय’ म्हणत त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि आपल्या उपचारांची यादी कौतुकाने ऐकवली. पाणी भरलं. हळद टाकली. थर्मोस्टॅट काढून टाकला. पंखा डायरेक्ट केला. आणि शेवटी, ‘त्या काट्याकडे बघत बसू नका, तो चुकीचा दाखवतो,’ असा मौलिक सल्ला दिला. या सगळ्याचे आपण तीनशे रुपये घेतलेत. मिस्त्री, महागाईच्या या दिवसांत तीनशे रुपयांत एवढं नुकसान दुसऱ्या कुणी करून दिलं नसतं.

सुरुवात आपल्या शौर्यापासून करतो. गाडी तापलेली असताना आपण झाकणावर ओलं पोतं टाकलंत आणि एका झटक्यात ते फिरवलंत. वाफेचं कारंजं पार बॉनेटच्या वर गेलं, असं दाजी अजून सांगतात. आत शंभरीच्या आसपास तापलेलं पाणी दाबाखाली कोंडलेलं असतं. झाकण सुटलं, दाब गेला की त्यातलं थोडं त्याच क्षणी वाफ होतं आणि बाकीचं उकळतं पाणी घेऊन उसळतं. त्याने तोंड, मान, हात भाजलेले लोक दर उन्हाळ्यात दवाखान्यात येतात. अर्धा-पाऊण तास थांबलं, वरचा होज पाइप हाताला सोसवेल इतका निवला, की तेच झाकण गुपचूप उघडतं. पण मग गिऱ्हाइकाला कारंजं कसं दिसणार? आणि तेवढ्या वेळात तो शेजारी रस प्यायला गेला आणि तिथे कुणी त्याला शहाणपण शिकवलं तर?

आता हळद. हळदीबद्दल आपल्याइतकाच मलाही आदर आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा रंग, तिचा वास, हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत ती साठवण्याची पद्धत, सगळ्याचं कौतुक झालं. रेडिएटरचा उल्लेख मात्र कुणी केल्याचं ऐकिवात नाही. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या सीएसआयआरने भांडून ते १९९७ साली रद्द करायला लावलं. हे आमचं आजीबाईच्या बटव्यातलं ज्ञान आहे, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. तो लढा माणसाच्या जखमेसाठी होता. होज पाइपला झालेली जखम त्याने भरून येईल असा दावा माशेलकरांनीही केला नव्हता. ती भर आपली.

हळद गळती थांबवते हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. भुकटी पाण्यात फुगते, पाण्याबरोबर फिरते आणि जिथे बारीक फट सापडेल तिथे अडकते. परदेशातही जुने लोक काळी मिरी टाकत, अंड्याचा पांढरा बलक टाकत. म्हणजे स्वयंपाकघरातून थेट बॉनेटमध्ये जाणारे आपण एकटेच नाही. अडचण एवढीच की हळदीला फट आणि नळी यांतला फरक कळत नाही. आजच्या रेडिएटरमध्ये ॲल्युमिनियमच्या चपट्या नळ्या असतात आणि त्यांची आतली वाट फार अरुंद असते. हीटरच्या जाळीतल्या नळ्या त्याहून नाजूक. हळद आधी तिथे बसते, आणि भोकापर्यंत पोहोचली तर पोहोचते. म्हणजे गळती थेंबाथेंबाची, आणि तिच्यासाठी आपण अख्खा रस्ता बंद केलात.

रेडिएटर उघडला तेव्हा आतलं पाणी पिवळं नव्हतं बरं का. ते विटकरी झालं होतं. हळदीत चुना पडला की कुंकवाचा रंग येतो, हे आपल्याला मी सांगायला नको. कूलंटही थोडं अल्कधर्मी असतं. त्यामुळे हळदीबरोबर कुंकवाचीही सोय आपोआप झाली. वाण म्हणून काय द्यायचं तेवढं राहिलं.

पाण्याकडे वळतो. ‘साधं पाणी टाका, बिनधास्त जा’ हे आपलं ब्रीदवाक्य. घाटात गाडी तापली, जवळ दुसरं काही नाही, तर माणूस साधं पाणीच टाकणार. त्यात पाप नाही. घरी पोहोचल्यावर ते काढून योग्य मिश्रण भरायचं असतं, एवढं वाक्य आपण गिळलंत. बोअरच्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार तापल्यावर नळ्यांच्या आत थर धरून बसतात. नुसत्या पाण्यात गंज रोखणारं काही नसतं, त्यामुळे ब्लॉक आतून गंजायला लागतो, ॲल्युमिनियम खाल्लं जातं. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून कूलंट लागत नाही, असंही आपण दाजींना समजावलंत म्हणे. बर्फ पडत नाही हे बरोबर आहे. पण खंबाटकी घाटात मे महिन्याच्या दुपारी, एसी लावून, पाच माणसं आणि आहेराच्या पिशव्या घेऊन दुसऱ्या गिअरवर चढणाऱ्या गाडीला बर्फाची चिंता कधीच नव्हती. तिला उकळण्याची चिंता होती.

आणि इथेच आपलं खरं कसब आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पुण्याच्या उंचीवर उघड्या पातेल्यातलं पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ ला. इंजिन तर नव्वदीच्या आसपासच काम करतं. म्हणजे मधलं अंतर किती थोडं! म्हणून तर ही सगळी व्यवस्था बंद ठेवतात आणि झाकणाला स्प्रिंग लावतात. बऱ्याच छोट्या गाड्यांच्या झाकणावर ०.९ असा आकडा असतो. आत एवढा जास्तीचा दाब तयार झाला की साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. त्यात निम्मं कूलंट असेल तर हीच मर्यादा १२५ च्या पुढे सरकते. आता गळतीकडे बघा. घोटभर पाणी गेलं, त्याचं फारसं काही नाही, ते पुन्हा भरता येतं. पण फट वाढली की दाब धरत नाही, आणि दाब धरला नाही की इंजिन पुन्हा त्या उघड्या पातेल्याच्या हिशेबावर येतं. आपण बाटलीभर पाणी ओतलंत आणि दाबाचं नावही काढलं नाहीत. झाकणाचं रबर बोटाने चाचपून पाहण्याइतकाही वेळ आपल्याला नव्हता; पोऱ्या हळद घेऊन आला होता.

बाटलीवरून आठवलं. ‘ही बघा बाटली, भरलेली आहे, म्हणजे रेडिएटर भरलेला आहे,’ असं रेडिएटरला जोडलेल्या जादा पाण्याच्या बाटलीकडे बोट करून आपण दाजींना दाखवलंत. किती पटण्यासारखा पुरावा! इंजिन तापलं की जास्तीचं पाणी झाकणातून बाटलीत जातं. निवलं की आत पोकळी तयार होते आणि ती तेच पाणी परत ओढून घेते. पण व्यवस्थेत कुठे फट असेल तर पोकळीला बाटलीतून पाणी ओढायचे कष्ट कशाला? ती फटीतूनच हवा आत घेते. मग बाटली ‘मॅक्स’च्या रेघेवर दिमाखात उभी, आणि रेडिएटरचा घसा कोरडा. जुन्या गाडीत पातळी बघायची तर सकाळी, थंड इंजिनावर, झाकण उघडून बघायची. ज्या नव्या गाड्यांत बाटलीलाच दाबाचं झाकण असतं, तिथे बाटली खरं बोलते. आमच्या गाडीची तेवढी ऐपत नाही.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याबद्दल काय लिहू? मेणाच्या गोळीवर चालणारी ती छोटीशी झडप. इंजिन ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान तापेपर्यंत ती रेडिएटरची वाट बंद ठेवते आणि मग उघडते. ती अडकली असेल तर गाडी तापते, हे खरं. अडकली आहे की नाही हे कळायला ती पातेल्यातल्या पाण्यात टाकून गॅसवर ठेवायची. पाणी तापलं की डोळ्यांदेखत उघडते किंवा उघडत नाही. शेजारी हॉटेल होतं, गॅस होता, पातेलं होतं. हळद तिथूनच आली होती. पण आपण झडप काढलीत आणि खिशात टाकलीत. परिणाम असा की गाडी सकाळी कितीतरी वेळ गारच राहायची. इंजिन गार आहे असं समजून फ्युएल इंजेक्शनचा मेंदू जास्तीचं पेट्रोल सोडत राहायचा. दाजी म्हणाले, ‘ॲव्हरेज पडलंय, पण आता गरम होत नाही.’ भर रस्त्यात डॉक्टरने थर्मामीटर फोडून ताप उतरवल्याचं जाहीर करावं, तसा हा आनंद होता.

पंखा डायरेक्ट करण्यामागेही तीच प्रतिभा. किल्ली फिरवली की पंखा सुरू, गाडी बंद होईपर्यंत भणभणत. तो कधी लागायला हवा आणि कधी लागत नाही, हे बघण्याचा प्रश्नच मिटला. पंख्याचा सेन्सर खराब होता, की रिले, की फ्यूज, की रेडिएटरमध्ये पाणी नसल्यामुळे सेन्सर कोरडा पडला होता, या क्षुल्लक चौकशीत आपण गेला नाहीत.

आणि काटा! ‘तो चुकीचा दाखवतो,’ असं आपण म्हणालात. मिस्त्री, या सगळ्या प्रकरणात आपण एवढं एकच वाक्य अर्धं खरं बोललात. पाणी फार उतरलं की सेन्सर पाण्याबाहेर येतो, नुसत्या हवेत लोंबकळतो, आणि काटा खाली येतो. इंजिन मात्र आतून भाजत असतं. म्हणजे चढलेला काटा एकदम खाली आला तर पेढे वाटायचे नसतात, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं असतं. हेड ॲल्युमिनियमचं असतं. अनेक इंजिनांत त्याच्या सपाटपणात ०.०५ मिलिमीटरच्या आसपासचाच फरक चालतो. डोक्यावरचा केस याहून जाड असतो. एकदा नीट भाजलं की ते वाकतं, गॅसकेट जातं, ऑइलमध्ये पाणी उतरतं आणि डिपस्टिकवर दुधाळ चहा दिसायला लागतो. मग हेड उतरवा, फेसिंग करा, नवं गॅसकेट घाला. त्या बिलात तुमच्यासारखे तीनशे रुपयेवाले कितीतरी मिस्त्री बसतील.

तुमच्यावर सगळा दोष टाकणं अन्यायाचं होईल, हेही सांगतो. हे शास्त्र आपण ज्यांच्या हाताखाली शिकलात ते पद्मिनी आणि अँबेसेडरवर वाढलेले असणार. एक्स्प्रेस वे होण्याआधीचा बोरघाट आठवणारे लोक अजून आहेत: चढावर कडेला ओळीने उघडी बॉनेटं, हातात पाण्याचे डबे, आणि ‘निवू दे जरा’ म्हणत झाडाखाली बसलेली कुटुंबं. त्या गाड्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे होते. गळले की काढायचे, झाळकाम करून घ्यायचे, पुन्हा बसवायचे. नळ्यांत चिमूटभर हळद सहज फिरून जायची. थर्मोस्टॅट तर काढून टाकण्यासाठीच बसवलेला असतो, अशी तेव्हाच्या बऱ्याच गॅरेजांची श्रद्धा होती. आता ॲल्युमिनियमच्या जाळीला प्लास्टिकच्या टाक्या दुमडून जोडलेल्या असतात, मध्ये रबराचं सील असतं. त्याला झाळ लागत नाही आणि हळदीचा उतारा चालत नाही. रेडिएटर बदलला, विद्या तीच राहिली.

आपल्याला उत्सुकता असेल की गळत कुठून होतं. आमच्या भागातल्या एका गॅरेजवाल्याने झाकणाच्या जागी प्रेशर टेस्टर लावला. सायकलच्या पंपासारखा हातपंप, वर एक घड्याळ. झाकणावरच्या आकड्याएवढा दाब भरला आणि तो चहा प्यायला गेला. परत आला तेव्हा घड्याळाचा काटा उतरलेला होता आणि खालच्या होज पाइपच्या तोंडाशी थेंब लोंबत होता. क्लिप, मिस्त्री. पाइपवरची क्लिप गंजून सैल झाली होती आणि पाइपचं टोक कडक पडलं होतं. भोवती पांढरट-हिरवट खपली धरली होती, म्हणजे गळती जुनी होती आणि उजेडात कुणीही ती पाहू शकला असता. आपल्याकडे थेंब दिसला नाही कारण गरम इंजिनावर तो पडायच्या आत वाळतो. रात्री सगळं निवलं, आकसलं, की ठिबकायला लागतो. गाडीखाली रात्री एक पुठ्ठा सरकवून ठेवला असता तर पुठ्ठ्याने जागा दाखवली असती.

क्लिप तीस-चाळीस रुपयांची होती. होज पाइप काही शेकड्यांचा. पण एवढ्यावर भागलं नाही. रेडिएटर फ्लश करून पाहिला, तरी खालच्या निम्म्या नळ्या गारच. हळद हलायला तयार नव्हती. नवा रेडिएटर घातला. नवा थर्मोस्टॅट, नवं झाकण, पंख्याची वायरिंग पूर्ववत, डिस्टिल्ड पाण्यात निम्मं कूलंट. सुदैवाने हेड वाचलं. वॉटर बॉडीही (पाणी फिरवणारा पंप) ठीक निघाली. तिच्या अंगाला एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की तिथून पाणी यावं आणि माणसाला कळावं म्हणून ते कारखान्यातूनच ठेवलेलं असतं. ते आपण एम-सीलने बुजवलं नाहीत, याबद्दल मात्र मी मनापासून ऋणी आहे. नजरचुकीने राहिलं असेल, तरीही.

एक गोष्ट थट्टेत सांगण्यासारखी नाही. आपण दाजींना आणखी एक धीर दिला होता: ‘खाली ओल दिसली तर घाबरू नका, एसीचं पाणी असतं ते.’ एसीचं पाणी बिनरंगी, बिनवासाचं असतं आणि बोटांवर साध्या पाण्यासारखं लागतं. कूलंट बुळबुळीत असतं, बहुतेक वेळा रंगीत असतं आणि त्याला गोडसर वास येतो. त्यातलं एथिलिन ग्लायकॉल चवीलाही गोड असतं, म्हणून कुत्री-मांजरं ते चाटतात, आणि त्याने त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. लहान मुलांनाही तोच धोका. आपल्या गॅरेजपुढच्या त्या हिरव्या थारोळ्याशेजारी दोन पिल्लं झोपलेली होती, असं दाजींनी गमतीने सांगितलं होतं. त्या थारोळ्यावर वाळू टाका, ती भरून उचला, मग जागा भरपूर पाण्याने धुवा, आणि काढलेलं कूलंट डब्यात झाकून ठेवा. आजच.

पैसे परत मागत नाही. आपलं दुकान भर रस्त्यात आहे, उन्हाळ्यात शेकडो गाड्या घाटाखाली आपल्याकडे थांबणार, आणि त्यातल्या कित्येकांना आपल्याशिवाय दुसरा आधार नाही. म्हणून मागणी एवढीच आहे. पुढच्या गाडीचं बॉनेट उघडाल तेव्हा इंजिन निवू द्या, मोबाइलची बॅटरी लावा आणि आधी होज पाइपच्या क्लिपा बघा. वरची, खालची, हीटरच्या दोन. सैल असेल ती पिळा, गंजली असेल ती बदला, आणि तिचेच तीनशे रुपये घ्या. कुणी हूं की चूं करणार नाही. पोऱ्याला हॉटेलात पाठवायचंच असेल तर चहा आणायला पाठवा.



आपल्या हातगुणाने पावन झालेला,
एक गाडीमालक

ता. क.: काढलेला थर्मोस्टॅट आपल्याकडेच राहिला आहे. पुढच्या महिन्यात दाजी बारशाला त्याच रस्त्याने जाणार आहेत. त्यांच्याकडे तो द्यावा. गाडीला मात्र हात लावू नये.